'छोटी कंपनी आहे पण सिक्युरिटी चिपमध्ये आहे' अशी टिप आली तर पैसे टाकायच्या आधी काय काय बघायचं

सध्या आपल्या जळगाव-धुळे साइडच्या शेअरच्या ग्रुपांवर एक टिप फिरत असते, कंपनीचं नाव दरवेळी वेगळं पण साचा तोच. "भो, कंपनी लहान आहे पण ट्रस्टेड कम्प्युटिंगमध्ये आहे, उद्या प्रत्येक लॅपटॉपमध्ये हिचंच काहीतरी लागणार, मोठ्या अमेरिकन कंपनीशी बोलणी चालू आहे, आत्ता चाळीसला मिळतोय, घेऊन ठेव." आणि ही टिप बरोबर कापसाचं पेमेंट हातात आलेलं असतं तेव्हाच येते, हे पण बघून ठेवा.

माझा धंदा कम्प्युटर दुरुस्ती आणि एएमसीचा (वर्षभराच्या देखभालीचा करार), जिनिंग, पतसंस्था, क्लासेस, दवाखाने असे सगळे गिऱ्हाईक, त्यामुळे टीपीएम, म्हणजे ह्या टिपांच्या मुळाशी असलेली कम्प्युटरमधली सिक्युरिटी चिप, हा प्रकार मला रोजचा. शेअरमध्येही बरीच वर्षं आहे. मी काही सेबी (शेअर बाजारावर देखरेख करणारी सरकारी संस्था) रजिस्टर्ड नाही आणि इथे कुठला शेअर घ्या-विका सांगणार नाही, फक्त अशी टिप आली की ती कशी तपासायची तेवढं क्रमाने लिहितो. एक संध्याकाळ पुरते, आणि नव्वद टक्के टिपा दुसऱ्या-तिसऱ्या पायरीलाच गळतात असा माझा अनुभव.

पायरी १: टिप एका वाक्यात लिहून काढा

कागदावर. कंपनी नक्की काय विकते, कोणाला विकते, आणि एका नगामागे तिला किती मिळतात. ग्रुपवर दोनशे मेसेज झालेले असतात आणि ह्या तीनपैकी एकाचंही उत्तर त्यात नसतं. "सिक्युरिटीत आहे" हे उत्तर नाही. चिप बनवते? चिपवर चालणारं सॉफ्टवेअर बनवते? का नुसती दुसऱ्याचा माल आणून बसवून देते? बसवून देणाऱ्यालाही पैसे मिळतात, मलाही मिळतात, पण त्यासाठी कोणी माझ्या दुकानाची सहाशे कोटी किंमत करणार नाही. टिप देणाऱ्यालाच विचारा, त्याला सांगता आलं नाही तर इथंच थांबलात तरी चालेल.

पायरी २: वस्तू स्वतःच्या डोळ्यांनी बघा

टीपीएम म्हणजे मदरबोर्डवरची एक बारकी चिप, किंवा आजकाल प्रोसेसरच्या आतच असलेला तेवढ्याच कामाचा भाग. ती किल्ल्या सांभाळते, म्हणजे एनक्रिप्शनच्या. शिवाय कम्प्युटर चालू होताना बायोसपासून (मशीन चालू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) पुढे जे जे लोड होतं त्याची मापं नोंदवून ठेवते, मधेच कोणी काही बदललं तर मापं जुळत नाहीत आणि ती डिस्कची किल्ली देत नाही. बिटलॉकर, म्हणजे विंडोजमधलं डिस्कला कुलूप लावायचं साधन, ह्याच्यावरच चालतो. सर्व्हरला लांबूनच "हे मशीन जसं पाहिजे तसंच आहे का" हे तपासायचं असेल तर त्यालाही हीच मापं लागतात. बस, गुंतवणुकीसाठी एवढं कळलं तरी पुरे.

आता तुमचा लॅपटॉप घ्या, विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, टीपीएम डॉट एमएससी टाइप करा, एंटर. एक खिडकी उघडेल, त्यात खालच्या बाजूला मॅन्युफॅक्चरर नेम असा रकाना आहे. तिथे आयएनटीसी दिसलं तर इंटेल, एएमडी दिसलं तर एएमडी, आयएफएक्स म्हणजे इन्फिनिऑन, एसटीएम म्हणजे एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स, एनटीसी म्हणजे नुवोटॉन. बाजूला व्हर्जन २.० दिसेल. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये जा, ओळखीच्या दुकानदाराला सांगून सेकंडहँडच्या रांगेतले चार-सहा लॅपटॉप चालू करून हाच रकाना बघा. फिरून फिरून बहुतेक हीच पाच नावं येतात. टिपवाल्या कंपनीचं नाव त्यात नाही ना? मग तिचं काम चिपच्या वर कुठेतरी आहे, आणि ते नक्की कुठे हा खरा प्रश्न.

ह्यातच एक २०२१ चा किस्सा बसतो. २४ जून २०२१ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ जाहीर केलं आणि टीपीएम २.० पाहिजेच म्हणून अट टाकली. जगभर लोक टीपीएमचं ते सुटं मॉड्यूल घ्यायला पळाले, काही दिवसांत ऑनलाइन भाव तिप्पट-चौपट झाले, साठेबाजांनी माल उचलला. आणि गंमत अशी की त्यातल्या बऱ्याच जणांच्या प्रोसेसरातच टीपीएम होतं, बायोसमध्ये जाऊन ते नुसतं चालू करायचं होतं, इंटेलमध्ये त्याला पीटीटी म्हणतात, एएमडीमध्ये एफटीपीएम. फुकट. बातमी शंभर टक्के खरी होती, मागणीही खरी होती, पण ज्या वस्तूचा भाव चढला तिची गरजच नव्हती. शेअरच्या टिपेतही नेमकं हेच होतं.

पायरी ३: पैसा कोणत्या थरात अडकतो ते शोधा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे जरा लांबण लावतो.

ट्रस्टेड कम्प्युटिंग म्हणजे मशीनमध्ये कोणी काही बदललेलं नाही ह्याची चिपच्या जोरावर खात्री करणं. त्याचे थर असे समजा: खाली चिप किंवा प्रोसेसर, त्याच्यावर बायोस, त्याच्यावर ऑपरेटिंग सिस्टीम, आणि सगळ्यात वर हे सगळं शेकडो मशीनवर एका जागेवरून सांभाळायचं सॉफ्टवेअर. छोटी कंपनी बहुतेक वेळा ह्या सगळ्यात वरच्या थरात असते. आणि वरच्या थराचा धोका हा, की खालचा मोठा माणूस कधीही तेच काम स्वतःच्या वस्तूत फुकट घालून देतो.

ह्याचं अख्खं उदाहरण अमेरिकेत होऊन गेलंय, वेव्ह सिस्टीम्स नावाची कंपनी. मॅसॅच्युसेट्समधल्या ली ह्या गावातली, १९८८ ला सुरू झालेली, नॅसडॅक ह्या अमेरिकन एक्स्चेंजवर लिस्टेड. सुरुवातीला डिजिटल मजकूर किती वापरला त्याचं मीटर लावायची कल्पना होती, ती चालली नाही. मग सिक्युरिटीकडे वळले. १९९९ ला कॉम्पॅक, एचपी, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट ह्यांनी मिळून जी आघाडी केली तिचं २००३ ला ट्रस्टेड कम्प्युटिंग ग्रुप झालं, टीपीएमचं स्टँडर्ड तिथलंच, आणि वेव्हने ठरवलं की ह्या चिपवर चालणारं सॉफ्टवेअर आपण द्यायचं. एम्बसी नावाने ते दिलं पण.

गुंतवणूकदारांचा हिशोब सरळ होता. दरवर्षी जगात कोट्यवधी पीसी विकले जाणार, प्रत्येकात टीपीएम येणार, टीपीएमला सॉफ्टवेअर लागणार, ते वेव्हकडे आहे, म्हणून वेव्ह म्हणजे उद्याची मायक्रोसॉफ्ट. २००३ च्या मध्यात इंटेलबरोबर करार झाल्याची घोषणा आली आणि शेअर उडाला. करारात काय होतं? इंटेल आपल्या काही मदरबोर्डबरोबर वेव्हचं सॉफ्टवेअर देऊ शकेल. किती नग, किमान किती रॉयल्टी, ह्याची हमी नव्हती. त्या वेळच्या घोषणा आणि शेअरमधले व्यवहार ह्यावर पुढे एसईसीने, म्हणजे अमेरिकेच्या सेबीने, चौकशी लावली. नंतर डेलच्या बिझनेस लॅपटॉपबरोबर हे सॉफ्टवेअर खरंच जाऊ लागलं, म्हणजे कंपनी काही हवेतली नव्हती बघा, माल होता, गिऱ्हाईक होतं, बिलं निघत होती. पण विक्रीचा मोठा भाग एकट्या डेलवर, आणि खर्च विक्रीपेक्षा जास्त, वर्षानुवर्षं.

मधल्या काळात २००७ ला विंडोज व्हिस्टाबरोबर मायक्रोसॉफ्टचा बिटलॉकर आला. ऑपरेटिंग सिस्टीममधूनच टीपीएम वापरायची सोय झाली, वेगळ्या सॉफ्टवेअरची गरज कमी कमी होत गेली.

तोटा भरून काढायला वेव्हने काय केलं, तर पुन्हा पुन्हा नवीन शेअर काढून विकले. शेअरची संख्या फुगली की भाव पडतो, भाव एक डॉलरच्या खाली गेला की नॅसडॅक नोटीस देतं, मग रिव्हर्स स्प्लिट, म्हणजे अनेक शेअर मिळून एक करायचा. २००६ ला तीनाचा एक, २०१३ ला चाराचा एक. म्हणजे २००३ च्या तेजीत कोणी १२०० शेअर घेऊन "मी विकणारच नाही" म्हणून बसला असेल तर दहा वर्षांनी त्याच्याकडे १०० राहिले. आणि फेब्रुवारी २०१६ ला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज टाकला.

बरं, टेक्नॉलॉजीचं काय झालं? ती जिंकली! आज विंडोज ११ चं कुठलंही नवं मशीन टीपीएमशिवाय येत नाही. वेव्हच्या जुन्या भागधारकांचा अंदाज तंत्रज्ञानाबाबत पंधरा-वीस वर्षं आधी बरोबर होता आणि तरी पैसे बुडाले. ठिबक खानदेशभर पसरलं म्हणून ठिबकचे कनेक्टर आणि ग्रोमेट बनवणारा प्रत्येक जण श्रीमंत झाला का? तसंच हे.

तेव्हा टिपवाल्या कंपनीबद्दल दोनच प्रश्न लिहा. एक, हिचं काम उद्या इंटेल, एएमडी नाहीतर मायक्रोसॉफ्टने फुकट दिलं तर हिचं काय उरतं? दोन, करारात किमान विक्रीची हमी आहे का? "एमओयू" (नुसता सामंजस्याचा कागद), "स्ट्रॅटेजिक पार्टनर", "एम्पॅनलमेंट" (पुरवठादारांच्या यादीत नाव) ह्या तिन्हीत बहुतेक वेळा एक रुपयाचीही हमी नसते.

पायरी ४: एक्स्चेंजवर काय लिहिलंय ते वाचा

ग्रुप बंद करा, बीएसई किंवा एनएसईच्या साइटवर कंपनीचं पान उघडा, अनाउन्समेंट मागच्या दोन वर्षांच्या चाळा. सेबीच्या एलओडीआर, म्हणजे लिस्टेड कंपन्यांसाठीच्या नियमांतल्या ३० व्या नियमाप्रमाणे महत्त्वाची गोष्ट घडली की कंपनीला ती ठरावीक वेळेत एक्स्चेंजला कळवावी लागते. मोठी ऑर्डर मिळाली आणि ती फक्त टेलिग्रामला माहीत आहे, एक्स्चेंजला नाही, असं कसं होईल? आणि झालंच असेल तर तो तिसराच प्रकार आहे, त्यापासून लांबच राहा.

एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांना माहीत नसते. बाजारातल्या अफवेवर कंपनीने स्वतःहून हो-नाही करायचं, हे बंधन सेबीने १ जून २०२४ पासून मार्केट कॅपने (सगळ्या शेअरची मिळून बाजारातली किंमत) पहिल्या १०० कंपन्यांना आणि १ डिसेंबर २०२४ पासून पहिल्या २५० कंपन्यांना लावलंय. आपली चाळीस रुपयेवाली कंपनी त्यात कुठून असणार! त्यामुळे "कंपनीने नाकारलं नाही म्हणजे खरं असणार" हा युक्तिवाद छोट्या शेअरला लागूच होत नाही. एक्स्चेंज मधूनमधून भाववाढीबद्दल खुलासा मागतं, ते उत्तर जरूर वाचा, बहुतेक वेळा एवढंच असतं की आमच्याकडे न सांगितलेली कुठलीही माहिती नाही, भाव बाजार ठरवतो. लोक हे वाचत नाहीत, आणि वाचलं तरी "असंच लिहावं लागतं भो" म्हणतात.

कंपनी एसएमई प्लॅटफॉर्मवर (एक्स्चेंजचा छोट्या कंपन्यांसाठीचा वेगळा विभाग) असेल तर तिचे निकाल तिमाही नाही, सहामाही असतात. म्हणजे अफवेला वाढायला तेवढीच जास्त मोकळी जागा.

पायरी ५: सर्टिफिकेट खरं का ते बघा

सिक्युरिटीच्या धंद्यात एक सोय आहे, दावे तपासायच्या याद्या जाहीर असतात. ट्रस्टेड कम्प्युटिंग ग्रुपच्या सदस्यांची यादी त्यांच्या साइटवर आहे. पण सदस्य असणं म्हणजे ऑर्डर नव्हे हां, फी भरून सदस्य होता येतं, आणि प्रमोटर, कॉन्ट्रिब्युटर, अडॉप्टर असे दर्जे आहेत. ग्रुपवर येणारा स्क्रीनशॉट बहुतेक अडॉप्टरचा असतो. अमेरिकेच्या एनआयएसटी ह्या सरकारी संस्थेकडे फिप्स १४० ची, म्हणजे एनक्रिप्शनच्या मालासाठीच्या स्टँडर्डची यादी आहे, कंपनीच्या नावाने शोधा. ब्रोशरमध्ये "फिप्स कम्प्लायंट" कोणीही लिहू शकतं, यादीत नाव यायला लॅबमध्ये तपासणी करून घ्यावी लागते. कॉमन क्रायटेरिया ह्या आंतरराष्ट्रीय सिक्युरिटी सर्टिफिकेटची पण अशीच यादी आहे, आपल्याकडे ते काम एसटीक्यूसी ही सरकारी संस्था बघते.

सरकारी ऑर्डरचा दावा असेल तर जेम ह्या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर आणि सरकारी ई-टेंडरच्या साइटवर शोधून बघा. वेळ लागतो, पण सापडतं.

सध्याची ताजी हवा सीसीटीव्हीची आहे. एप्रिल २०२४ ला इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने नोटिफिकेशन काढून कॅमेऱ्यांना सायबर सिक्युरिटीच्या तपासणीची अट टाकली, २०२५ च्या एप्रिलपासून ती लागू झाली. नियम खरा आहे आणि त्याचा धंद्यावर परिणामही खरा आहे, मी स्वतः कॅमेरे बसवतो त्यामुळे रोज बघतो. पण "आता सगळ्या कॅमेऱ्यांत ह्याच कंपनीची चिप" असं नोटिफिकेशनमध्ये कुठेही नाही. कोणतं मॉडेल पास झालं ते बघा, कंपनीचं नाव त्यात आहे का एवढंच बघा.

पायरी ६: गणित, दहा मिनिटांचं

सगळं खरं निघालं असं धरूनच हिशोब करा. आयडीसी ह्या बाजार-संशोधन कंपनीच्या आकड्याप्रमाणे २०२४ मध्ये भारतात साधारण १ कोटी ४४ लाख पीसी विकले गेले. समजा प्रत्येकात, हो अगदी प्रत्येकात, आपल्या कंपनीचं सॉफ्टवेअर गेलं आणि नगामागे २० रुपये मिळाले. झाले २८ कोटी ८० लाख. त्यावर निव्वळ नफा १५ टक्के धरा, ४ कोटी ३२ लाख. कंपनीचं मार्केट कॅप समजा ६०० कोटी आहे. म्हणजे देशातला एकूण एक पीसी मिळाला तरी तुम्ही नफ्याच्या जवळजवळ १३९ पट भाव देताय. २० च्या जागी तुम्हाला पटेल तो आकडा टाका, पण टीपीएमची सुटी चिपच फार महाग नसते हे डोक्यात ठेवून टाका.

मग वार्षिक अहवाल उघडा. चारच गोष्टी. कर्मचाऱ्यांवरचा खर्च, कारण क्रिप्टोग्राफीवाले इंजिनिअर स्वस्तात मिळत नाहीत, कंपनी जर सगळ्या स्टाफवर मिळून वर्षाला पन्नास-साठ लाख खर्च करत असेल तर चिपचं डिझाइन करतंय कोण? दुसरी, उधारी, म्हणजे ट्रेड रिसीव्हेबल, विक्री दुप्पट आणि उधारी चौपट असेल तर बिलं फाडली पण पैसा आला नाही. तिसरी, ऑपरेशनचा कॅश फ्लो, नफा दाखवतात आणि हा उणे, वर्षामागून वर्ष, तर राम राम. चौथी, इन्टँजिबल (सॉफ्टवेअर, पेटंटसारखी हाताला न लागणारी मालमत्ता) म्हणून केवढी रक्कम ताळेबंदात बसवलीय, खर्च तिथे लपतो.

आणि वॉरंट. हे स्वतंत्र सांगतो कारण छोट्या कंपन्यांत खेळ इथेच असतो. वॉरंट म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घ्यायचा हक्क, आणि प्रेफरन्शियल म्हणजे तो कंपनीने निवडक लोकांनाच दिलेला. त्यात सुरुवातीला २५ टक्के रक्कम भरायची आणि उरलेली १८ महिन्यांत. अलॉटमेंटची यादी एक्स्चेंजवर असते, कोणाला किती भावाने दिले ते बघा. प्रमोटर सोडून बाकीच्यांच्या शेअरचा लॉक-इन, म्हणजे विकायची बंदी, सहा महिन्यांत सुटतो. वॉरंट बारा रुपयाने दिलेत, शेअर चाळीसला आहे, लॉक-इन पुढच्या महिन्यात सुटतोय आणि बरोबर आत्ताच "ट्रस्टेड कम्प्युटिंग"ची बातमी फिरतेय... तारखा कागदावर शेजारी शेजारी लिहा, पुढचं मला सांगायची गरज नाही.

पायरी ७: शेअरची चाल

थोडक्यात. शेअर एएसएम किंवा जीएसएम यादीत, म्हणजे एक्स्चेंजने खास नजर ठेवलेल्या शेअरांत आहे का ते एक्स्चेंजच्या साइटवर दिसतं. रोज अप्पर सर्किट (दिवसाची भाववाढीची मर्यादा) आणि व्हॉल्यूम नाममात्र असेल तर खूश होऊ नका, असाच शेअर उतरताना रोज लोअर सर्किट (घसरणीची मर्यादा) लावतो आणि तुमचा सेल ऑर्डर रांगेत पडून राहतो. दर तिमाहीचा शेअरहोल्डिंग पॅटर्न बघा, प्रमोटरचा हिस्सा कमी होतोय आणि किरकोळ भागधारकांची संख्या वाढतेय असं दिसलं तर माल कोणाच्या हातातून कोणाच्या हातात चाललाय ते उघड आहे. मार्च २०२३ मध्ये साधना ब्रॉडकास्टच्या प्रकरणात सेबीने जो अंतरिम आदेश काढला तो सेबीच्या साइटवर आहे, यूट्यूबच्या व्हिडिओंनी भाव कसा चढवला आणि मग कोणी विकलं ह्याचं तारीखवार वर्णन त्यात आहे. इंग्रजी आहे पण वेळ काढून वाचाच, कुठल्याही कोर्सपेक्षा जास्त कळतं.

पायरी ८: तरीही घ्यायचाच असेल तर

घ्या, मी कोण नाही म्हणणारा. सगळ्या चाळण्यांतून एखादी कंपनी निघतेही. फक्त घ्यायच्या आधी दोन ओळी लिहून तारीख टाका: अमुक तिमाहीपर्यंत विक्रीत अमुक आकडा दिसला नाही तर निघायचं, आणि कंपनीने परत वॉरंट काढले तर निघायचं. वेव्हमध्ये अडकलेल्यांचं नेमकं इथेच घोडं अडलं, दरवर्षी कारण नवीन आणि मुदत पुढच्या वर्षाची. रक्कम एवढीच टाका की ती शून्य झाली तरी खताचं बिल आणि पोराची फी थांबणार नाही. आणि पीक कर्जाचे पैसे ह्यात घालू नका, अजिबात.

टिप देणारा फी मागत असेल, "प्रीमियम ग्रुप"मध्ये घेतो म्हणत असेल, तर त्याचा सेबी रजिस्ट्रेशन नंबर मागा. रिसर्च अॅनालिस्टचा आयएनएच ने सुरू होतो, इन्व्हेस्टमेंट अॅडव्हायझरचा आयएनए ने, आणि दोन्ही सेबीच्या साइटवर नावासकट तपासता येतात. नंबर दुसऱ्याच कोणाचा निघाला तर स्क्रीनशॉट, पेमेंटची पावती आणि ग्रुपची लिंक जपून ठेवा. नंबर खरा असून माणूस फसवतोय असं वाटलं तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार टाका. नंबरच नसेल, खोटा असेल किंवा पैसेच गेले असतील तर १९३० ला फोन लावायचा, आणि तो सकाळी बघू म्हणून ठेवायचा नाही, लगेच लावायचा.